‘ग्रे एरिया’ : काळी, पांढरी आणि मधली जागा

मराठी बातम्यांत, अग्रलेखांत आणि बैठकांच्या वृत्तांतांत ‘ग्रे एरिया’ हा इंग्रजी शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. करआकारणीचा वाद असो, नदीकाठच्या बांधकामांचा प्रश्न असो वा समाजमाध्यमांवरील मजकुराची जबाबदारी असो. ‘हा ग्रे एरिया आहे’ एवढे म्हटले की लिहिणाऱ्याचे काम भागते आणि वाचणाराही मान डोलावतो. नेमके काय अस्पष्ट आहे, कोणामुळे अस्पष्ट आहे आणि ते स्पष्ट करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न मात्र तसेच राहून जातात. शब्द सोयीचा आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. कायदा स्पष्ट असताना कोणी तो मोडला आणि बातमीने त्या कृत्याला ‘ग्रे एरिया’ म्हटले, तर मोडणाऱ्याला संशयाचा फायदा आयताच मिळतो. उलट, नियम खरोखरच मौन बाळगून असताना बातमीने ‘बेकायदा’ असा शिक्का मारला, तर निर्दोष माणूस नाहक बदनाम होतो. एकाच शब्दाच्या ढिलाईने दोन्ही बाजूंनी अन्याय होऊ शकतो. त्यामुळे हा शब्दप्रयोग कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, हे एकदा नीट तपासून पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. सातारा जिल्ह्यातील उंब्रजसारख्या गावाची जमीन, नदी आणि बोली यांच्याकडे पाहिले तरी या शब्दाचे सारे कंगोरे उलगडतात.

गावाची काळी, गावाची पांढरी

उंब्रज हे कराड तालुक्यातील, पुणे-बंगळुरू महामार्गावरील बाजाराचे गाव. पाटण तालुक्याच्या डोंगरांतून येणारी तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावाप्रमाणे या गावाच्या जमिनीचेही परंपरेने दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, कसण्याची जमीन. पांढरी म्हणजे घरादारांची, वस्तीची जागा, अर्थात गावठाण. जुन्या कागदपत्रांत हे शब्द सर्रास आढळतात आणि ‘काळी-पांढरी’ म्हटले की सगळा गाव आला, असा त्याचा अर्थ होतो.

इंग्रजीतील ‘ग्रे एरिया’ची कल्पनाही काळ्या आणि पांढऱ्या या दोन टोकांवरच उभी आहे. एका टोकाला निःसंशय काळे, दुसऱ्या टोकाला निःसंशय पांढरे आणि मध्ये असा पट्टा की ज्याला काळेही म्हणता येत नाही आणि पांढरेही म्हणता येत नाही. गावच्या भाषेत बोलायचे तर, गावठाणाला लागून असलेल्या रानात कोणी आधी गोठा बांधला, मग त्याला पडवी काढली, मग तेथे चूल पेटली आणि शेवटी थोरल्या मुलाचा संसार तेथेच थाटला गेला. ही जागा काळीतून पांढरीत नेमकी कोणत्या दिवशी गेली? याचे उत्तर देताना गावातील जाणती माणसेही अडखळतील. ‘ग्रे एरिया’चा अस्सल अर्थ या अडखळण्यात आहे.

कायद्याला मात्र असे अडखळून चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२२ नुसार गावठाणात कोणत्या जमिनींचा समावेश होतो हे ठरवण्याचा, त्याच्या हद्दी निश्चित करण्याचा आणि वेळोवेळी त्या बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. पुढे वस्ती गावठाणाबाहेर फोफावली तेव्हा याच संहितेत ४२-ड हे कलम घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या परिघाचा स्वतंत्र विचार करण्यात आला आणि तेथील बिनशेती वापराची वाट सोपी करण्यात आली. म्हणजे काळी आणि पांढरी यांच्यामधल्या पट्ट्याचे अस्तित्व कायद्यानेच मान्य केले आणि तो फितीने मोजून दाखवला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या क्षणी २०० मीटर हा आकडा लिहिला गेला त्या क्षणी तो पट्टा ‘ग्रे’ राहिला नाही. नियम लागू होतो की नाही, याचे उत्तर मोजणीने मिळू लागले.

शब्दाचा प्रवास

‘ग्रे एरिया’ हा शब्द आज नीती आणि कायदा यांच्या चर्चेत वावरत असला, तरी विसाव्या शतकाच्या मध्यात तो ज्या वाटांनी प्रचारात आला त्यातील ठळक वाटा चक्क भूगोलाच्या आहेत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी धोरणकर्ते सोव्हिएत गटाच्या सीमेवरील आणि पाश्चात्त्य लष्करी कराराच्या छत्राबाहेरील देशांना ‘ग्रे एरियाज’ म्हणू लागले होते. टॉमस फिनलेटर यांच्या १९५४ च्या पुस्तकात ही संज्ञा आहे. हेन्री किसिंजर यांनी १९५५ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात या प्रदेशांच्या संरक्षणावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच ती आली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनने शहरांचा गजबजलेला मध्य आणि सुखवस्तू उपनगरे यांच्यामध्ये अडकलेल्या, उतरणीला लागलेल्या वस्त्यांसाठी याच नावाचा कार्यक्रम हाती घेतला. ब्रिटनमध्ये सरकारी मदत मिळण्याइतके मागास नाहीत आणि आपल्या बळावर उभे राहण्याइतके संपन्नही नाहीत, अशा प्रदेशांना ‘ग्रे एरियाज’ म्हटले जाई. त्यांचा अभ्यास करणाऱ्या हंट समितीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. दोन वर्ग ठरलेले आहेत, दोघांचे नियम ठरलेले आहेत आणि काही जागा दोन्ही वर्गांत नीट बसत नाहीत. नकाशावरचा हा अर्थ पुढे लाक्षणिक झाला आणि कायदा, वैद्यक, पत्रकारिता, व्यापार अशा सर्व क्षेत्रांत पसरला. मूळ सूत्र मात्र बदललेले नाही. ज्या ठिकाणी दोन निश्चित टोके दाखवता येत नाहीत, त्या ठिकाणी ‘ग्रे एरिया’ म्हणणे म्हणजे दोन खांबांशिवाय दोरी बांधण्यासारखे आहे.

कायद्याच्या तत्त्वज्ञानात हीच कल्पना एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये एका साध्या उदाहरणाने मांडली. ‘उद्यानात वाहनांना मनाई’ असा नियम आहे. मोटारगाडीला तो लागू होतो, याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. पण सायकलचे काय? चाकांच्या बुटांचे काय? मुलाच्या खेळण्यातल्या मोटारीचे काय? प्रत्येक शब्दाला निःसंशय अर्थाचा एक गाभा असतो आणि त्याभोवती संदिग्ध अर्थाची कड असते, असे हार्ट यांचे प्रतिपादन होते. या कडेला त्यांनी ग्रहणाच्या परिभाषेतील शब्द वापरला, ज्याला मराठीत ‘उपच्छाया’ म्हणतात. पूर्ण सावली आणि पूर्ण उजेड यांच्यामधला तो भाग.

गल्लत होणारे पाच प्रकार

प्रत्यक्ष लेखनात ‘ग्रे एरिया’ या एका शब्दाखाली किमान पाच निरनिराळ्या परिस्थिती दडपल्या जातात. शेतीच्या बांधावरून त्यांतील फरक सहज दाखवता येतो.

पहिला प्रकार : हद्द स्पष्ट आहे, पण ओलांडली आहे. दोन शेतांमधला बांध जागेवर आहे, खुणा शाबूत आहेत, मोजणीचा नकाशा आहे आणि तरीही दर वर्षी नांगराच्या फाळाने एक माणूस बांध कोरत चालला आहे. याला अतिक्रमण म्हणतात. येथे काहीही धूसर नाही. नदीपात्रातील विनापरवाना वाळूउपसा, रुग्णालयाने ठरलेल्या दरापेक्षा केलेली जादा आकारणी, निवडणूक खर्चाची लपवाछपवी या बातम्यांत ‘ग्रे एरिया’ लिहिणे म्हणजे अतिक्रमणाला सभ्य नाव देणे होय.

दुसरा प्रकार : हद्द आहे, पण ठाऊक नाही. बांध वाहून गेला, खुणेचा दगड हलला, वाटण्या होऊन दोन पिढ्या लोटल्या. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून ‘हद्द कायम’ मोजणी मागवता येते आणि मोजणीनंतर ‘क’ प्रत हाती येते. येथे उणीव आहे ती माहितीची. माहिती मिळवण्याची रीतही ठरलेली आहे. चौकशी अहवाल अद्याप आलेला नाही, शवविच्छेदनाचा निष्कर्ष बाकी आहे, आकडेवारी जाहीर झालेली नाही, अशा ठिकाणी ‘अद्याप स्पष्ट झालेले नाही’ किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे. त्याला ‘ग्रे एरिया’ म्हटल्यास माहिती देण्याची जबाबदारी असलेला माणूस हळूच मोकळा होतो.

तिसरा प्रकार : हद्द आखलेली आहे, पण ती तेथे असावी की नाही यावर वाद आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न हे याचे सर्वांना परिचित उदाहरण. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आखलेली रेषा नकाशावर अगदी स्पष्ट आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ मधील अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगाव कोणत्या राज्याच्या प्रशासनाखाली आहे, याबद्दल संदिग्धता नाही. ते कोणत्या राज्यात असायला हवे, याबद्दल तीव्र मतभेद आहेत. अशा प्रश्नाला ‘वादग्रस्त’ हा शब्द आहे आणि तो पुरेसा आहे.

चौथा प्रकार : हद्द सामाईक आहे. दोन शेतांच्या मधला बांध दोघांचा असतो. त्यावरच्या झाडांवरून भांडणे होतात, बांधावरून जाण्यायेण्याच्या वाटेवरून तर अधिकच. तथापि सामाईक मालकी म्हणजे अनिश्चित मालकी नव्हे. बांधावरून शेतात जाण्याच्या हक्काचा प्रश्न आला तर संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदार चौकशी करून निर्णय देतात. केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची समवर्ती सूची राज्यघटनेत आहे. तिच्यातील विषयाला ‘ग्रे एरिया’ म्हणणे अशाच गल्लतीचे फळ आहे. तेथे अधिकार दोघांचा आहे आणि विरोध आला तर कोणाचा कायदा वरचढ ठरावा, हेही घटनेने सांगून ठेवले आहे.

पाचवा प्रकार : शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘तो उंब्रजला गेला’ या वाक्यातील उंब्रज कराड तालुक्यातील की पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातील, असा प्रश्न पडू शकतो. कारण त्या नावाचे गाव दोन्हीकडे आहे. हा झाला द्व्यर्थ. तालुक्याचे नाव जोडले की तो नाहीसा होतो. जी अस्पष्टता एका शब्दाने दूर होते तिला ‘ग्रे एरिया’चा मान देण्याचे कारण नाही.

मग अस्सल ‘ग्रे एरिया’ कोणता?

हे पाच प्रकार वगळल्यावर जे उरते ते खरे. सर्व माहिती हाती आहे, कोणी लबाडी केलेली नाही, शब्दांचे अर्थही ठाऊक आहेत आणि तरीही दोन्हीपैकी कोणत्या खान्यात गोष्ट ठेवावी हे सांगता येत नाही. अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत, पण समजली जातात तितकी मुबलकही नाहीत.

पहिले उदाहरण बोलीचे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. उंब्रज ज्या कराड तालुक्यात आहे तो उत्तर साताऱ्यात, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यात राहिला; त्याला लागून असलेले वाळवा आणि शिराळा सांगलीकडे गेले. समर्थांचे अकरा मारुतीही या प्रशासकीय रेषांनी विभागले गेले. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर ही ठिकाणे सातारा जिल्ह्यात. शिराळा आणि बहे सांगलीत. तर पारगाव आणि मनपाडळे कोल्हापुरात. जिल्ह्याची ही हद्द काटेकोर आहे. एका बाजूच्या शेताचा सातबारा कराडच्या दप्तरी, दुसऱ्या बाजूचा वाळव्याच्या.

बोलीची हद्द मात्र अशी दाखवता येत नाही. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ असे म्हटले जाते; परंतु बाराव्या कोसाचा दगड ओलांडताच ती बदलते, असे कोणी म्हणत नाही. साताऱ्याकडचा हेल आणि कोल्हापूरकडचा ठसका हे दोन्ही कानाला सहज ओळखू येतात. मधल्या गावांत एक लकब संपते, दुसरी सुरू होते, तिसरी दोन्हींत मिसळते. कितीही बारकाईने पाहणी केली तरी ‘येथे सातारी बोली संपली’ अशी पाटी लावण्याची जागा सापडणार नाही. हे अज्ञान नव्हे. वस्तुस्थितीच तशी आहे.

दुसरे उदाहरण नदीचे. कृष्णेचा काठ कोठे सुरू होतो? उन्हाळ्यात पाणी पात्राच्या तळाशी जाते, पावसाळ्यात ते मळीच्या रानांत शिरते आणि २००५, २०१९ किंवा २०२१ सारख्या महापुरात सातारा-सांगली परिसरातील वस्त्यांत घुसते. ‘नदी’ आणि ‘काठ’ ही दोन टोके स्पष्ट आहेत. मधला पट्टा ऋतूनुसार कधी नदीचा असतो, कधी काठाचा. निसर्गात येथे रेषा नाही. म्हणूनच पूररेषांची गरज भासली. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध, अशी ही रचना आहे.

या उदाहरणात लेखकांनी ध्यानी घ्यावा असा धडा आहे. निसर्गात धूसर असलेली गोष्ट नियमाने स्पष्ट होऊ शकते. पूररेषा आखल्यानंतर निळ्या रेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारतीला ‘ग्रे एरियातील बांधकाम’ म्हणता येणार नाही. जेथे पूररेषा आखलीच गेलेली नाही, तेथे मात्र तसे म्हणता येईल. पण मग बातमीचा खरा विषय ‘रेषा आखली का नाही’ हा ठरतो. तोच प्रश्न विचारायला हवा.

या प्रकारच्या संदिग्धतेचा विचार फार जुना आहे. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास ही रासच राहते; मग आणखी एक, मग आणखी एक. कोणत्या दाण्याला ती रास राहत नाही? हे कोडे प्राचीन ग्रीसमधील युब्युलिडीस याच्या नावावर सांगितले जाते. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘फझी सेट’च्या गणितात एखादी वस्तू एखाद्या गटात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच न म्हणता ‘किती प्रमाणात आहे’ असे म्हणण्याची सोय झाली. कपडे धुण्याच्या यंत्रापासून रेल्वेच्या नियंत्रणापर्यंत त्याचा उपयोग झाला. धूसरपणा मान्य करणे म्हणजे विचार सोडून देणे नव्हे, हे यावरून दिसते.

मराठीत काय म्हणावे?

‘ग्रे एरिया’ हा शब्द मराठी लिपीत तसाच लिहिण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. वाचकांना तो ठाऊक आहे. इंग्रजीत ‘ग्रे’च्या ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन वर्णलेखनांचा घोळ आहे, तो देवनागरीत आपोआप मिटतो. अडचण येते ती भाषांतर करताना.

‘करडे क्षेत्र’ हे शब्दशः भाषांतर मराठी कानाला चमत्कारिक वाटते. कारण मराठीत ‘करडा’ म्हणजे रंगाबरोबरच कठोरही. ‘करडी नजर’, ‘करडी शिस्त’ यांत संदिग्धतेचा लवलेशही नाही. ‘राखाडी भाग’ म्हटल्यास केवळ रंग उरतो, अर्थ निसटतो. शिवाय ‘एरिया’ हा शब्द बोली मराठीत पेठ, वस्ती या अर्थी रुळलेला आहे, याचेही भान ठेवायला हवे.

मराठीत संदर्भानुसार निरनिराळे शब्द उपलब्ध आहेत आणि त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. नियमाचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल तर ‘संदिग्ध’. नियम त्या बाबतीत काहीच बोलत नसेल तर ‘कायदा याविषयी मौन बाळगतो’. एखादी गोष्ट दोन वर्गांच्या मध्ये असेल तर ‘काठावरची’ किंवा ‘सीमेवरची’. दोन्ही गुण अर्धेमुर्धे असतील तर बोलीभाषेतील ‘ना धड हे ना धड ते’. निर्णय लांबणीवर पडला असेल तर ‘अधांतरी’. माहिती दडवून ठेवली असेल तर ‘गुलदस्त्यात’. निर्णय घेणाऱ्या माणसाचेच मन डळमळत असेल तर ‘तळ्यात-मळ्यात’. या शेवटच्या तिन्ही ठिकाणी दोष वस्तूच्या सीमेचा नसून माणसांचा आहे. त्यामुळे तेथे ‘ग्रे एरिया’ मुळीच चालत नाही.

‘सीमारेषा पुसट झाली’ आणि ‘सीमारेषा धूसर आहे’ हे दोन प्रयोगही एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पुसट होण्यासाठी आधी ठळक असावे लागते. बातमी आणि जाहिरात यांच्यातील रेषा पूर्वी ठळक होती आणि पुढे ती पुसट झाली, असे म्हणणे योग्य. सातारी आणि कोल्हापुरी बोलींमधील रेषा मात्र कधी ठळक नव्हतीच. ती धूसर आहे. त्याहून मोठी चूक ‘बारीक रेषा’ या इंग्रजी वळणाच्या प्रयोगात होते. टीका आणि बदनामी यांच्यामध्ये बारीक रेषा आहे, असे इंग्रजीत म्हटले जाते तेव्हा रेषा आहे, फक्त ती निरखून पाहावी लागते, असा भाव असतो. मराठीत त्याचे ‘पुसट रेषा’ असे भाषांतर केले की अर्थ नेमका उलटा होतो.

‘ग्रे’ या विशेषणाच्या इतर जोडशब्दांशीही गल्लत नको. शेअर बाजारातील ‘ग्रे मार्केट’ म्हणजे अधिकृत नोंदणीपूर्वी होणारे अनौपचारिक व्यवहार. तो ‘काळाबाजार’ नव्हे आणि ‘ग्रे एरिया’ही नव्हे. दहशतवाद्यांच्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाची ‘ग्रे लिस्ट’ ही तर अगदी निश्चित यादी असते. पाकिस्तान २०१८ मध्ये त्या यादीत गेला आणि २०२२ मध्ये बाहेर पडला. या दोन तारखांच्या दरम्यान त्याचे स्थान संदिग्ध नव्हते. चित्रपटांच्या परीक्षणात येणारी ‘ग्रे शेड’ची भूमिका म्हणजे सरळ खलनायकाची भूमिका नव्हे. ज्या पात्राच्या वागण्यात चांगले आणि वाईट यांची सरमिसळ आहे, त्यालाच ते विशेषण शोभते.

लिहिण्यापूर्वीचे चार प्रश्न

‘ग्रे एरिया’ हा शब्द लिहिण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारले तर बहुतेक चुका टळतात. एक, दोन्ही टोके कोणती? ती एका वाक्यात सांगता आली पाहिजेत. दोन, अस्पष्टता कशात आहे : नियमात, माहितीत की कोणाच्या वर्तनात? नियमात असेल तरच पुढे जावे. तीन, ही अस्पष्टता दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे? न्यायालय, विधिमंडळ, जिल्हाधिकारी, नियामक मंडळ यांपैकी त्याचे नाव वाक्यात यायला हवे. चार, ही अस्पष्टता कोणाच्या पथ्यावर पडते आणि कोणाचे नुकसान करते? हे सांगितल्याखेरीज वाचकाच्या पदरात काहीच पडत नाही.

एका काल्पनिक वाक्यावर हा प्रयोग करून पाहता येईल. ‘गावठाणाबाहेरील घरे हा ग्रे एरिया असल्याने ग्रामस्थ अडचणीत आले आहेत.’ या वाक्यातून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘ही घरे शेतजमिनीवर असली तरी तेथे दोन पिढ्यांची वस्ती आहे. गावठाणाची हद्द वाढवण्याचा निर्णय झालेला नाही. त्यामुळे घरांची नोंद शेती म्हणून करावी की निवासी म्हणून, हे ठरत नाही. हद्द बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तोपर्यंत या कुटुंबांना घरावर कर्ज काढणे कठीण आहे.’ दुसऱ्या मजकुरात ‘ग्रे एरिया’ हा शब्द एकदाही आलेला नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

व्याकरणाच्या बाबतीतही थोडी काळजी पुरते. मराठीत हा शब्द पुल्लिंगी रुळला आहे : ‘हा ग्रे एरिया’, ‘ग्रे एरियात’. एखादी बाब त्यात ‘पडते’ हे इंग्रजी क्रियापदाचे ओझे आहे. मराठीत ती त्यात ‘मोडते’ किंवा ‘येते’. ‘पूर्णपणे ग्रे एरिया’, ‘शंभर टक्के ग्रे एरिया’ अशी विशेषणे तर स्वतःशीच भांडतात.

रेषा आखण्याची जबाबदारी

हद्दी निश्चित करण्याची धडपड या प्रदेशाला नवी नाही. मराठेशाहीत शिवेचे वाद गोतसभेपुढे येत, निकालाचे महजर लिहिले जात, प्रसंगी दिव्यही करावे लागे. शिवेच्या खाणाखुणा सांगण्याचे काम गावच्या महार वतनदारांकडे असे आणि वादाच्या वेळी त्यांच्या साक्षीला वजन असे. इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची पाहणी आणि जमाबंदी सुरू झाली. ३३ फुटांच्या साखळीने शेते मोजली गेली आणि गुंठ्याचा १०८९ चौरस फुटांचा हिशेब रूढ झाला. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले. शेतजमिनीची अशी नोंद होत असताना गावठाणातील घरांचे नकाशे मात्र असंख्य गावांत नव्हतेच. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. तिच्यातून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या पांढरीला शतकानुशतके केवळ वहिवाटीचा आधार होता, तिच्या कडा कागदावर उमटू लागल्या.

या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य भाषेलाही लागू पडते. सीमा धूसर असते तेव्हा कोणीतरी ती मोजण्याची, ठरवण्याची आणि ठरवलेले लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी घेतो. मोजणीदार शेतात जी निष्ठा दाखवतो तीच लिहिणाऱ्याने वाक्यात दाखवायला हवी. खुणेचा दगड कोठे आहे हे ठाऊक असेल तर तो दाखवावा. कोणी हलवला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि दगड कधी रोवलाच गेला नसेल, तेव्हाच ‘ग्रे एरिया’ हा शब्द वापरावा. पण तेथेच न थांबता तो दगड रोवण्याचे काम कोणाचे आहे, हेही पुढच्याच वाक्यात सांगावे.